हज यात्रेंतील पवित्र स्थळें

यात्रा म्हटली म्हणजे देवालय, मूर्ति आणि दर्शन या तीन गोष्टी मनांत सहज उभ्या राहतात. मुसलमानांच्या हज यात्रेची घडण याहून निराळी आहे. तींतील स्थळें नुसतीं पाहावयाचीं नसून प्रत्येक ठिकाणीं कांहीं तरी आचरावयाचें असतें. आणि तिचें मुख्य स्थान तर एक उघडें मैदान आहे. मक्केच्या पवित्र क्षेत्रांत मुसलमानेतरांस प्रवेश नाहीं. त्यामुळें ज्या मुंबई बंदरांतून पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंच्या आगबोटी जिद्द्याला जात, त्या मुंबईंतही या यात्रेविषयीं पुष्कळांस फारच थोडी माहिती असते. समुद्रमार्गाची ती वाहतूक १९९५ सालीं बंद झाली. आतां यात्रेकरू विमानानें जातात.

ज्याची प्रकृति व सांपत्तिक स्थिति अनुकूल असेल, त्यानें आयुष्यांत एकदां हज करावा, असा इस्लामचा दंडक आहे. यात्रेचे दिवस जिल्हेज महिन्याच्या ८ पासून १२ किंवा १३ तारखेपर्यंत असतात. मुसलमानी वर्ष चांद्र असून त्यांत अधिक मास धरीत नाहींत. म्हणून हज दरवर्षीं दहा-अकरा दिवस अलीकडे येतो व सुमारें ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. मक्केच्या वाटेवरील ठराविक सीमेपाशीं पुरुष शिवलेलीं वस्त्रें उतरवून दोन पांढरीं, बिनशिवलेलीं वस्त्रें परिधान करतात. यास एहराम म्हणतात. स्त्रिया आपला नेहमींचा साधा पोशाख ठेवतात. यापुढें धनिक कोण व मजूर कोण, हें कपड्यांवरून ओळखतां येत नाहीं.

मक्केंतील मोठ्या मशिदीच्या मध्यभागीं काबा आहे. ही सुमारें ४३ फूट उंचीची दगडी चौकोनी वास्तु असून तिच्यावर जरीच्या अक्षरांचें काळें आच्छादन असतें. इब्राहिम व त्याचा पुत्र इस्माईल यांनीं ती उभारली, अशी श्रद्धा आहे. यात्रेकरू तिच्याभोंवतीं सात फेऱ्या घालतात. आपल्याकडे प्रदक्षिणेंत देव उजव्या हातास ठेवतात. येथें काबा डाव्या हातास असतो. एका कोपऱ्यांत हजर-ए-अस्वद हा काळा पाषाण बसविलेला आहे. तो कोणाचें बरें वा वाईट करूं शकत नाहीं, पैगंबरांनीं त्याचें चुंबन घेतलें म्हणूनच आपण घेतों, असें दुसरे खलीफा उमर यांनीं सांगितल्याचें प्रसिद्ध आहे. काबा ही पूजेची वस्तु नसून नमाजाची दिशा आहे, हा भेद यावरून ध्यानांत यावा.

काब्याजवळच सफा व मरवा या दोन लहान टेकड्या आहेत. इब्राहिमाची पत्नी हाजरा आपल्या तान्ह्या इस्माईलसह या निर्जन खोऱ्यांत राहिली असतां पाणी संपलें. मूल तहानेनें व्याकुळ झालें, तेव्हां कोणी दिसतें का हें पाहण्यासाठीं ती माता या टेकड्यांमध्यें सात वेळां धांवली. अखेर बाळापाशींच पाण्याचा झरा फुटला. तोच जमजम, अशी कथा आहे. आज त्या वाटेवर छप्पर व गुळगुळीत फरशी आहे. परंतु मोठमोठे विद्वान् व अधिकारी पुरुषदेखील तेथें एका असहाय मातेची धांवच पुन्हा धांवतात. हें अंतर सात खेपांत तीन किलोमीटरांहून थोडें अधिक भरतें. हाजी परत आल्यावर आप्तस्वकीयांच्या घरीं खजुरांबरोबर जें पाणी पाठवितो, तें याच जमजमचें होय.

आठव्या दिवशीं यात्रेकरू मक्केबाहेरील मिना येथें तंबूंत राहतात आणि नवव्या दिवशीं मक्केपासून सुमारें २० किलोमीटरांवरील अराफातच्या मैदानांत जमतात. तेथें दोन प्रहरापासून सूर्यास्तापर्यंत प्रार्थना व पश्चात्ताप यांत वेळ घालवावयाचा. एवढाच तेथील विधि, पण तोच हजचा प्राण. इतर कांहीं विधि चुकल्यास प्रायश्चित्त आहे. अराफात चुकलें तर त्या वर्षींचा हजच चुकला. म्हणून इस्पितळांत असलेल्या रुग्णांनासुद्धां शक्य तेव्हां रुग्णवाहिकेंतून तेथें नेतात. इ. स. ६३२ मध्यें पैगंबरांनीं आपलें अखेरचें हजचें प्रवचन येथेंच केलें.

सूर्यास्तानंतर सर्व जण मुजदलिफा येथें येऊन उघड्या आकाशाखालीं रात्र काढतात व खडे गोळा करतात. दहाव्या दिवशीं मिना येथें सैतानाचें प्रतीक असलेल्या मोठ्या स्तंभास सात खडे मारतात. पुत्राचा बळी देण्यास निघालेल्या इब्राहिमाला सैतानानें अडविलें, त्याची ही आठवण. नंतर कुर्बानी व मुंडण होऊन काब्याच्या फेऱ्या होतात, आणि पुढील दिवसांत तिन्ही स्तंभांस खडे मारतात. लाखों माणसें एकाच वेळीं एकाच वाटेनें चालल्यामुळें येथें मोठे अनर्थ घडले आहेत. २०१५ मध्यें मिना येथील चेंगराचेंगरींत शेंकडों माणसें दगावलीं; २०२४ च्या उन्हाळ्यांतील हजच्या वेळीं १,३०० हून अधिक यात्रेकरू मृत्यु पावले. हज करण्यास शक्ति असावी, ही अट केवळ पैशापुरती नाहीं, हें यावरून कळतें.

बहुतेक यात्रेकरू उत्तरेस मदिनेलाही जातात. ६२२ मध्यें पैगंबर मक्का सोडून तेथें गेले. तेथूनच हिजरी सन मोजतात. मस्जिद-ए-नबवींतील हिरव्या घुमटाखालीं त्यांची कबर असून शेजारीं अबू बकर व उमर यांच्या कबरी आहेत. मदिनेची ही भेट प्रेमाची आहे. ती हजचा आवश्यक भाग नाहीं. हाजीचे डोळे हिरव्या घुमटापाशीं भरून येतात, पण त्याचा हज पुरा झालेला असतो तो अराफातच्या त्या मोकळ्या मैदानावर.