भरतकाम शिकावे ऑनलाइन, पण उलटी बाजू दाखवून

सुई-दोऱ्याने कापडावर नक्षी भरण्याचे तीन ठळक प्रकार आहेत. पहिला मोजून भरण्याचा. दसूती, मॅटी किंवा जाळीदार कॅनव्हासवर घरे मोजत फुलीचे वा तिरपे टाके घालायचे. दारावरची तोरणे, रुखवतात मांडलेले मोर-हंस आणि बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेली लोकरीची चित्रे याच प्रकारातली. पाश्चात्त्य देशांत ‘नीडलपॉइंट’ म्हणतात ते कामही हेच. त्यात कॅनव्हासचे एकही घर मोकळे सोडत नाहीत. दुसरा प्रकार छापून भरण्याचा. साडी, ओढणी, उशीचा अभ्रा यांवर नक्षी उतरवून घ्यायची आणि साखळी, देठ, काज, गहू, गाठीचा टाका अशा टाक्यांनी ती भरायची. तिसरा प्रकार आरीचा. ताणून बसवलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने साखळी ओढत न्यायची. लग्नसराईत ब्लाउजवर दिसणारे मणी-जरीचे काम हल्ली बरेचसे आरीचे असते.

ही विद्या पूर्वी घरात आईकडून, आत्याकडून, शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला किंवा गल्लीतल्या शिवणक्लासात मिळत असे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनसारख्या संस्थांनी शिवण आणि हस्तकलेला स्त्रियांच्या शिक्षणात मानाचे स्थान दिले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि क्लास चालवणाऱ्या अनेक बायकांनी मोबाइल समोर ठेवून शिकवायला सुरुवात केली. टाळेबंदी उठली, पण ती पद्धत टिकली.

पालघर-बोईसरला ही सोय का हवी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. याच जिल्ह्यातले बोईसर हे पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून सुमारे शंभर किलोमीटरवरचे स्थानक. २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत पोहोचली, तरी विरारच्या पुढे गाड्यांची संख्या कमीच राहते. दादरला क्लास लावायचा तर जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जातो. बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीत रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांचे कारखाने आहेत. घरातला माणूस पाळीत कामाला असला की स्वयंपाक, डबा आणि मुलांची शाळा सगळे पाळीप्रमाणे बदलते. ठरलेल्या वेळेचा क्लास अशा घरातल्या बाईला झेपत नाही. मध्यरात्रीही पुन्हा पाहता येणारा धडा मात्र तिच्या दिवसात बसतो.

बारीक हातकामाची या पट्ट्याला सवय आहे. चिंचणी-डहाणू परिसरात सोन्याच्या दागिन्यांसाठी लागणारे डाय घडवण्याचा घरगुती उद्योग चालतो आणि त्यात केसाएवढ्या रेषेचे काम असते. साधा शिवणक्लासही बहुतेक मोठ्या गावांत सापडतो. अडचण येते ती आरी, जरदोजी किंवा नीडलपॉइंट शिकवणारी व्यक्ती जवळ हवी असते तेव्हा.

वर्ग कोणत्या प्रकारचे

ऑनलाइन शिकण्याच्या तीन वाटा आहेत. यूट्यूबवरच्या मोफत चित्रफिती टाका ओळखायला उत्तम, पण तिथे चूक सांगणारे कोणी नसते. पैसे भरून मिळणारा, आधीच चित्रित केलेला अभ्यासक्रम क्रमाने नेतो आणि धडा कितीही वेळा पाहता येतो. तिसरी वाट थेट वर्गाची, झूम किंवा व्हॉट्सॲप व्हिडिओवर. यात शिक्षिका हात पाहू शकते. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांनी बंद पडते, म्हणून असे वर्ग दोन तुकड्यांत घ्यावे लागतात. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क या १८७२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २०२१ मध्ये ‘स्टिच बँक’ हा टाक्यांचा मोफत संग्रह इंटरनेटवर खुला केला. त्यात टाक्याची कृती शब्दांत, चित्रांत आणि चित्रफितीत दिली आहे. भाषा इंग्रजी असली तरी चित्रे पाहून टाका समजतो.

तीन टाके, एकच चेहरा

पडद्यावर काय दिसते आणि काय दिसत नाही, हे नीडलपॉइंटच्या साध्या तिरप्या टाक्यावरून कळते. कॅनव्हासचा उभा आणि आडवा धागा जिथे एकमेकांना छेदतात, त्या एका छेदावरून सुई तिरपी जाते. हा टाका तीन रीतींनी घालता येतो: अर्धी फुली, कॉन्टिनेन्टल आणि बास्केटवीव्ह. सुलट्या बाजूने तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कापड उलटले की फरक उघड होतो. अर्ध्या फुलीच्या पाठीमागे लहान उभे टाके असतात. लोकर कमी लागते, पण पाठ विरळ राहते आणि काम लवकर झिजते. कॉन्टिनेन्टलच्या मागे लांब तिरपे टाके येतात. लोकर जास्त लागते, काम टिकाऊ होते, मात्र सगळा ताण एकाच दिशेने पडल्यामुळे चौकोनी कॅनव्हास हळूहळू तिरका होतो. बास्केटवीव्हच्या ओळी कर्णरेषेत चालतात, मागे आडवे-उभे टाके टोपलीच्या विणीसारखे गुंफले जातात आणि कॅनव्हास चौरस राहतो. उशी किंवा खुर्चीची बैठक भरायची असेल तर ही तिसरी रीत वापरावी.

केवळ चित्रफीत पाहून शिकणारी व्यक्ती यांतली सोपी रीत उचलते, कारण समोरून सगळे बरोबरच दिसते. महिन्याभराने कॅनव्हास वाकडा झाला तरी कारण तिला कळत नाही. आरीतही हीच गोष्ट घडते. कापडाच्या वर आकड्याची सुई दिसते, पण दोरा पुरवणारा हात कापडाखाली असतो. तो हात दोरा किती सैल सोडतो आणि सुईच्या आकड्याभोवती कसा वळवतो, यावर साखळीची कडी सारखी पडते की नाही हे ठरते. म्हणून आरीचा ऑनलाइन वर्ग निवडताना शिक्षिका खालचा हात दाखवते का, हे आधी विचारावे. काही धडे पारदर्शक जाळीच्या कापडावर घेतले तर दोन्ही हात एकदम दिसतात.

शिकणाऱ्यानेही आपल्या बाजूने एवढे करावे: प्रत्येक धड्यानंतर सुलट्या बाजूचे छायाचित्र, उलट्या बाजूचे छायाचित्र आणि टाका घालतानाची छोटी चित्रफीत शिक्षिकेला पाठवावी. गाठी, लोंबणारे दोरे, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर मारलेल्या लांब उड्या आणि जास्त ओढल्याने पडलेल्या सुरकुत्या या चुका उलट्या बाजूच्या छायाचित्रातच पकडल्या जातात.

सामान आणि बैठक

सुरुवातीला फार सामान लागत नाही. मॅटीचा तुकडा, लाकडी रिंग, बोथट टोकाची सुई, लहान धारदार कात्री आणि दोऱ्याच्या दहा-बारा लडी पुरेत. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात. हवे तेवढे पदर एकेक करून सुटे काढावेत आणि मग जुळवावेत, म्हणजे दोरा गुंतत नाही. दोऱ्याची लांबी हातभर, म्हणजे १८ इंच ठेवावी. याहून लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा गेल्याने विरतो. दोऱ्याला पीळ बसला की सुई लोंबकळत सोडावी, पीळ आपोआप उलगडतो.

पडद्यावरचा रंग फसवा असतो. त्यामुळे ‘गुलाबी’ किंवा ‘मोरपंखी’ असे न विचारता लडीवरचा क्रमांक विचारावा. अँकर आणि डीएमसी या कंपन्यांचे क्रमांक वेगवेगळे असतात, त्यासाठी तुलनेचा तक्ता जवळ ठेवावा. मोठ्या चित्राची लोकर एकदमच घ्यावी, कारण पुढच्या रंगवणीत छटा बदलू शकते. किनारपट्टीच्या दमट हवेत सुई गंजते आणि जर काळवंडते. काम थांबवताना सुई कापडात टोचून ठेवू नये, रिंग काढून ठेवावी आणि जरीची लड हवाबंद डब्यात ठेवावी.

थेट वर्गासाठी मोबाइल उंच स्टँडवर, कॅमेरा खाली हातांकडे रोखून ठेवावा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी उजेड डावीकडून घ्यावा. डावखुऱ्यांसाठी चित्रफीत आरशातल्याप्रमाणे उलटी करून पाहण्याची सोय अनेक ॲपमध्ये मिळते.

वारली रेषा सुईने

पालघर जिल्ह्याकडे स्वतःचा नक्षीसंग्रह आहे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती जगापुढे नेणारे डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री देण्यात आली. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांवर उभी असलेली ही चित्रे सुईला सोयीची आहेत. माणसाचे हातपाय उलट्या टीपेने, तारपा नाचाचे गोल वळण देठ टाक्याने, शरीराचे दोन त्रिकोण सपाट भरावाने आणि डोके गाठीच्या टाक्याने उतरते. गेरू रंगाच्या सुती कापडावर पांढऱ्या दोऱ्याचा एक किंवा दोन पदर घ्यावा. जाड दोऱ्याने रेषेतला चपळपणा जातो. कापड पातळ असेल तर मागून ओढलेला दोरा समोर उमटतो, म्हणून प्रत्येक आकृती वेगळी संपवावी. लग्नातला देवचौक ही वारली समाजाची पूजेतली गोष्ट आहे. पायपुसणीवर किंवा चपलेवर तो भरू नये, आणि नक्षी कोणाकडून घेतली हे विकताना सांगावे.

कमाई आणि प्रमाणपत्र

ऑनलाइन वर्गाचे प्रमाणपत्र बहुधा त्या शिक्षिकेपुरते असते. नोकरीसाठी सरकारमान्य पात्रता हवी असेल तर आयटीआयमधला ‘सरफेस ऑर्नामेंटेशन टेक्निक्स, एम्ब्रॉयडरी’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो जवळच्या कोणत्या संस्थेत चालतो, याची चौकशी प्रवेशाच्या हंगामात करावी. बचतगटातल्या बायकांना ‘उमेद’ अभियान आणि महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शने विक्रीची जागा देतात. मुंबईतही हातकामाला मोठी मागणी आहे. ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर झालेल्या डिओरच्या फॅशन शोमध्ये उभारलेले भव्य तोरण मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेच्या कारागिरांनी घडवले होते.

किंमत लावताना दोरा-कापडाच्या खर्चात तासांची मजुरी धरावी. ती न धरल्यामुळे घरबसल्या काम करणाऱ्या बायका वर्षानुवर्षे तोट्यात राहतात. पहिल्या कामापासूनच वहीत तास लिहिण्याची सवय लावावी.

ऑनलाइन वर्गाने शिक्षिका घरापर्यंत आणली, ही बोईसर-तारापूरसारख्या गावांसाठी मोठी सोय आहे. तिचा पुरा लाभ घ्यायचा तर वर्ग लावण्याआधी एकच प्रश्न विचारावा: कामाची उलटी बाजू कोणी तपासणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तिथेच पैसे भरावेत.