सफाई होते, तरी मेमरी भरते
वापरून झालेली मेमरी आपोआप मोकळी करण्याची पद्धत, म्हणजेच गार्बेज कलेक्शन, जॉन मॅकार्थी यांनी १९५९च्या सुमारास लिस्प भाषेसाठी आणली. जावामध्ये ती पहिल्यापासून आहे. तरीही जावाच्या प्रोग्रॅममध्ये मेमरीची गळती होते. चालू प्रोग्रॅममधून एखाद्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचता येते का, एवढेच कलेक्टर पाहतो. ते पुढे कधी लागणार आहे का, हे त्याला कळत नाही. स्टॅटिक हॅशमॅपमध्ये प्रत्येक लॉगिनची नोंद टाकली आणि लॉगआउटला काढलीच नाही, तर ती कायमची ‘जिवंत’ राहते.

निरोगी प्रोग्रॅमच्या मेमरीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो: चढतो, सफाई झाली की उतरतो. गळती असेल तर प्रत्येक मोठ्या सफाईनंतरचा तळ आधीपेक्षा वर सरकतो. लक्ष तळाकडे हवे, शिखरे फसवतात. मग काही वेळाच्या अंतराने हीपचे, म्हणजे ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीचे, दोन डंप (त्या क्षणाच्या नोंदी) घेऊन कोणत्या क्लासची ऑब्जेक्ट वाढली ते ताडून पाहतात आणि त्यांना धरून ठेवणारी संदर्भांची साखळी उलटी, मुळापर्यंत शोधत नेतात. नुसती हीपची मर्यादा वाढवली तर कोसळणे लांबते, इतकेच. मेमरी भरत आली की कलेक्टर पुन्हा पुन्हा धावू लागतो. त्यामुळे प्रोग्रॅम आधी रेंगाळतो आणि मग ‘आउटऑफमेमरीएरर’ देऊन बंद पडतो.