पेट्रोल, क्रेडिट कार्ड आणि घडणावळीचा हिशेब

रायपूरच्या सदर बाजारात सोन्याची बांगडी घ्यायला आलेला ग्राहक आधी भाव विचारतो, मग घडणावळ विचारतो, मग घट किती धरली ते विचारतो आणि एवढे करूनही शेजारच्या पेढीवर एक चक्कर टाकून येतो. हाच ग्राहक बाजारातून निघून पेट्रोल पंपावर जातो तेव्हा मात्र ‘कार्डावर सूट आहे’ एवढ्या शब्दांवर समाधान मानतो. ही सूट कशावर आहे, किती रकमेपासून किती रकमेपर्यंत आहे आणि तिच्यासाठी आपण काय मोजतो, हे तो विचारत नाही. कार्डाने घेतलेल्या पेट्रोललाही घडणावळ आणि घट असते. तिचा हिशेब मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम अधिभाराविषयी. कापड दुकानात किंवा औषधाच्या दुकानात आपण क्रेडिट कार्ड वापरतो तेव्हा त्या व्यवहाराचे शुल्क दुकानदार आपल्या नफ्यातून बँकेला देतो. पेट्रोल पंपचालकाची गोष्ट निराळी आहे. विक्रीचा भाव त्याच्या हातात नसतो. पेट्रोलचे दर २६ जून २०१० रोजी आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून ते दररोज सकाळी सहा वाजता ठरू लागले. पण ते ठरवतात तेल कंपन्या. पंपचालकाला कंपनीने नेमून दिलेले कमिशन मिळते, पेट्रोलवर ते लिटरमागे चार रुपयांच्या आसपास. त्यातून नोकरांचे पगार, वीज आणि बाष्पीभवनाची तूट भागवायची. या चार रुपयांतून कार्डाचे शुल्क देणे त्याला परवडत नाही. म्हणून ते शुल्क ‘इंधन अधिभार’ या नावाने कार्डधारकाच्या खात्यावर टाकण्याची पद्धत रूढ झाली. पूर्वी हा अधिभार अडीच टक्के, किमान दहा रुपये असा असे. नंतर तो सामान्यतः एक टक्का झाला.

हा अधिभार पंपावरच्या पावतीवर दिसत नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. पाचशे रुपयांचे पेट्रोल घेतले की पावतीवर पाचशेच असतात. महिन्याच्या विवरणपत्रात मात्र त्यावर पाच रुपये अधिभार आणि त्या पाच रुपयांवर अठरा टक्के दराने नव्वद पैसे वस्तू व सेवा कर चढलेला आढळतो. आपले कार्ड अधिभारमाफीचे असेल तर काही ओळींनंतर, कधी कधी पुढच्या महिन्यात, पाच रुपये जमा झालेले दिसतात. नव्वद पैसे बहुतेक बँकांच्या अटींनुसार परत मिळत नाहीत. शाखेत विवरणपत्र घेऊन येणाऱ्या ग्राहकांची सर्वाधिक गफलत याच ठिकाणी होते. एकाच व्यवहाराच्या दोन-तीन ओळी पाहून त्यांना दोनदा पैसे कापले गेल्याचा संशय येतो.

ज्याला जाहिरातीत ‘एक टक्का सूट’ म्हणतात ती बहुतेक वेळा हीच अधिभारमाफी होय. तिने पेट्रोल स्वस्त होत नाही. रोखीने घेतले असते तर जेवढ्याला पडले असते जवळपास तेवढ्यालाच ते पडते. त्यातच पुष्कळशा कार्डांवर इंधनाच्या खर्चाला बक्षीसगुण मिळत नाहीत. म्हणजे साध्या कार्डाने पेट्रोल घेण्यात फायदा एवढाच, की पैसे महिनाभराने द्यावे लागतात. त्याचे मोलही काढून पाहावे. चार हजार रुपये पंचेचाळीस दिवस बचत खात्यात राहिले आणि व्याज अडीच टक्के धरले, तर हाती सुमारे बारा रुपये येतात.

आता मर्यादांकडे वळू. कारण खरी घट तेथे आहे. माफी सरसकट नसते. बहुतेक कार्डांवर व्यवहार चारशे किंवा पाचशे रुपयांहून कमी नसावा आणि चार किंवा पाच हजारांहून जास्त नसावा, अशी अट असते. शिवाय महिन्याला एकूण शंभर किंवा अडीचशे रुपयांपर्यंतच माफी, अशी तिसरी मर्यादा असते. सदर बाजारातील पेढ्यांवर काम करणारे कारागीर आणि नोकर पाहिले तर बहुतेकांकडे दुचाकी आहे आणि बहुतेकजण एका वेळी शंभर-दोनशेचे पेट्रोल टाकतात. हिशेबासाठी लिटरला शंभर रुपये धरले, तर होंडा ॲक्टिव्हाच्या ५.३ लिटरच्या टाकीत पूर्ण रिकामी असतानाही ५३० रुपयांचेच पेट्रोल मावते. ज्याच्या कार्डावर पाचशेची अट आहे त्याने टाकी अगदी तळाला जाईपर्यंत गाडी चालवली, तरच त्याला माफी मिळेल. तसे कोणी करत नाही आणि करूही नये. दोनशेच्या प्रत्येक व्यवहाराला तो दोन रुपये छत्तीस पैसे जादा देतो, महिन्यातून सहा वेळा देतो आणि आपल्याला सूट मिळत असल्याच्या समजुतीत राहतो. अशा ग्राहकाने बचत खात्यातून यूपीआयने पैसे द्यावेत. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही, त्यामुळे अधिभाराचे कारणच उरत नाही.

वरच्या मर्यादेची अडचण मोठ्या गाडीला येते. इनोव्हा क्रिस्टाची टाकी पंचावन्न लिटरची आहे. ती एकदम भरली तर रक्कम पाच हजारांच्या पुढे जाते. अशा वेळी मर्यादेपुरती माफी मिळून उरलेल्यावर अधिभार लागतो असे नाही. सामान्यतः संपूर्ण व्यवहारच माफीबाहेर जातो. पाच हजार पाचशेवर अधिभार व कर मिळून चौसष्ट रुपये नव्वद पैसे होतात. दोन वेळा अर्धी-अर्धी टाकी भरणे हा त्यावरील साधा उपाय.

केंद्र सरकारनेही एकदा या विषयात हात घातला होता. नोटाबंदीनंतर ८ डिसेंबर २०१६ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांच्या पंपांवर कार्ड व अन्य डिजिटल मार्गांनी पैसे देणाऱ्यांना पाऊण टक्का सूट जाहीर केली. १३ डिसेंबरपासून ती लागू झाली आणि व्यवहारानंतर काही दिवसांत खात्यात जमा होऊ लागली. पुढच्याच महिन्यात काही बँकांनी पंपचालकांकडून एक टक्क्यापर्यंत शुल्क घेण्याचे कळवले, तेव्हा पंपचालकांच्या संघटनेने कार्डे न स्वीकारण्याचा इशारा दिला. सरकारने मध्यस्थी केली आणि तो प्रसंग टळला. क्रेडिट कार्डापुरती ही पाऊण टक्क्याची सूट १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. तरीही ती अजून चालू आहे असे मानणारे ग्राहक भेटतात, म्हणून हा उल्लेख.

खरा परतावा मिळतो तो तेल कंपनी आणि बँक यांनी मिळून काढलेल्या कार्डांवर. तेथे कंपनी आपला ग्राहक बांधून ठेवण्यासाठी पदरचे काही देत असते. उदाहरणादाखल, भारत पेट्रोलियम व एसबीआय कार्ड यांच्या साध्या कार्डावर कंपनीच्या पंपांवर शंभर रुपयांना तेरा गुण आणि चार गुणांचा एक रुपया, म्हणजे सव्वातीन टक्के, अशी योजना होती; शुल्क ४९९ रुपये. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी ‘ऑक्टेन’ हे दुसरे कार्ड आणले. त्यावर शंभराला पंचवीस गुण म्हणजे सव्वासहा टक्के आणि शुल्क १,४९९ रुपये. दोन्हींवर एक टक्का अधिभारमाफी वेगळी. इंडियन ऑइल आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांचीही निरनिराळ्या बँकांबरोबर अशी कार्डे आहेत. अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी त्या दिवसाच्या अटी वाचाव्यात. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘ना नफा ना तोटा’ बिंदू पाठ असतो. तो येथे लावून पाहू. ४९९ रुपयांवर अठरा टक्के कर धरला तर शुल्क ५८८ रुपये ८२ पैसे होते. सव्वातीन टक्क्यांनी तेवढे वसूल होण्यासाठी वर्षाला सुमारे १८,१०० रुपयांचे, म्हणजे महिन्याला दीड हजारांचे पेट्रोल लागते. महागड्या कार्डाचे शुल्क करासह १,७६८ रुपये ८२ पैसे. ते भरून निघण्यास महिन्याला सुमारे २,३५० रुपयांचे पेट्रोल हवे. पण भरून निघणे वेगळे आणि स्वस्त कार्डापेक्षा सरस ठरणे वेगळे. दोन्ही कार्डांची बचत समान होते ती महिना सुमारे ३,३०० रुपयांच्या खर्चावर. त्याच्या आत असणाऱ्याने मोठ्या टक्क्याच्या मोहात पडू नये. नवा रायपूर येथील मंत्रालयात रोज बुढापारा किंवा ब्राह्मणपारा येथून मोटारीने जाणाऱ्याचा खर्च याहून सहज जास्त होईल. सदर बाजारात पायी दुकान गाठणाऱ्याचा होणार नाही. वर्षभरात ठरावीक रकमेची खरेदी झाली तर शुल्क माफ करण्याची सोय दोन्हींवर होती. मात्र ते माफ व्हावे म्हणून नको ती खरेदी करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

याच म्हणीचा दुसरा प्रत्यय रस्त्यावर येतो. विशिष्ट कंपनीचे कार्ड घेतले की त्याच कंपनीचा पंप शोधावा लागतो. तो तीन किलोमीटर आडवाटेला असेल तर जाऊन-येऊन सहा किलोमीटर झाले. पंधराच्या सरासरीने त्यात चाळीस रुपयांचे पेट्रोल जळते. चार टक्के परताव्याने चाळीस रुपये वाचण्यासाठी एक हजाराचे पेट्रोल घ्यावे लागते. म्हणून कार्ड निवडताना प्रथम आपल्या नेहमीच्या वाटेवर कोणाचा पंप आहे ते पाहावे आणि टक्के नंतर पाहावेत.

येथील मराठी कुटुंबांचे नागपूरला जाणे-येणे नेहमीचे. त्यांच्यासाठी एक गोष्ट कार्डाविनाही लाभाची आहे. विक्रीकर राज्यागणिक वेगळा असल्याने २०२५ मध्ये नागपुरातील पेट्रोल रायपूरपेक्षा लिटरला तीन ते पाच रुपयांनी महाग होते. परतीच्या प्रवासाचे वीस लिटर रायपूरहूनच टाकीत नेले तर ऐंशी रुपयांच्या आसपास वाचतात. दोन हजारांच्या खरेदीवर चार टक्के परतावा मिळाला तरी तेवढेच वाचले असते. कार्ड आणि हा विचार एकत्र करता आला तर उत्तमच.

वरील सर्व हिशेब एका गृहीतावर उभा आहे, ते म्हणजे देयक मुदतीत आणि पूर्ण भरले जाते. क्रेडिट कार्डावरील व्याज सामान्यतः महिना साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस ते पंचेचाळीस टक्के असते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये त्यावर तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द ठरवला. समजा, पंधरा हजारांच्या देयकापैकी पाच हजार भरले आणि दहा हजार राहिले. एका महिन्याचे व्याज साडेतीन टक्क्यांनी ३५० रुपये, त्यावर कर ६३ रुपये, एकूण ४१३. चार हजारांच्या पेट्रोलवर चार टक्क्यांनी त्या महिन्यात वाचले होते १६० रुपये. एवढ्यावर भागत नाही. बाकी राहिली की व्याजमुक्त मुदतच संपते आणि पुढचे पेट्रोल टाकल्या दिवसापासून त्यावर व्याज सुरू होते. ‘किमान देय रक्कम’ भरली म्हणजे व्याज लागत नाही, ही समजूत सुशिक्षित ग्राहकांतही आढळते. किमान रक्कम भरल्याने केवळ विलंबशुल्क टळते. बचत खात्यातून पूर्ण देयक आपोआप भरले जाण्याची सूचना एकदा शाखेत किंवा मोबाइल ॲपवर नोंदवून ठेवली की ही काळजी मिटते. मात्र तशी सूचना देताना ‘किमान’ नव्हे, ‘संपूर्ण’ हा पर्याय निवडला आहे ना, ते पाहावे.

पंपावरच्या दोन-तीन व्यावहारिक बाबी. काही कार्डांची सवलत ठरावीक बँकेच्या यंत्रावर कार्ड वापरले तरच मिळते. एका पंपावर दोन यंत्रे असतात, तेव्हा कोणते पुढे येते ते पाहून घ्यावे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआर कोडवर पैसे देण्याची सोय सप्टेंबर २०२२ पासून झाली. पण अशा व्यवहाराला इंधन सवलतीच्या अटी निराळ्या असू शकतात, म्हणून त्या स्वतंत्र वाचाव्यात. १ जानेवारी २०२१ पासून कार्ड यंत्राला टेकवून पाच हजारांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होऊ शकतो. कार्ड हातातून न सोडता यंत्र गाडीपाशी मागवावे आणि कार्ड टेकवण्यापूर्वी त्यावरील आकडा वाचावा.

वर्षाच्या शेवटी विवरणपत्रांवरून एकदा बेरीज करावी. जमा झालेला परतावा एका बाजूला. शुल्क, कर आणि माफीबाहेर गेलेला अधिभार दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू जड निघाली तर कार्ड बंद करण्यात संकोच बाळगू नये. त्याआधी शिल्लक गुण वापरून घ्यावेत आणि सर्व देणे चुकते करावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, देणे बाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण केली पाहिजे; विलंब झाल्यास दर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. विनंती लेखी किंवा ई-मेलने करावी आणि तिची पोच जपून ठेवावी.