पात्याचा टवका का उडाला? तुकडा तपासून घ्या

वेंगुर्ल्याचे नाव काजूने गाजवले. इथल्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जाती दूरवर पोहोचल्या. पण बी फोडायला लागते ते कटरचे पाते, आणि पाते म्हणजे लोहारकाम. शंभर पात्यांची ऑर्डर गेली आणि धारेचे टवके उडाले म्हणून माल परत आला, तर कारागीर म्हणतो पोलाद खोटे, दुकानदार म्हणतो पाणी नीट दिले नाही. पैसे मात्र दोघांचेही अडकतात. हा वाद सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याच अंशी मिटतो. इंग्लंडात शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी 1863 च्या सुमारास पोलाद घासून, ॲसिडने खाऊन असेच पाहिले, तेव्हापासून ही विद्या चालू आहे.

सगळी मदार नमुन्यावर. पाते कोरड्या ग्राइंडरवर कापले की कडा निळी पडते. निळी पडली म्हणजे तिथले पाणी उतरले. मग जे दिसेल ते भट्टीचे नव्हे, ग्राइंडरचे. म्हणून पाण्याची धार सोडून, सावकाश कापावे. काप धारेला आडवा घ्यावा, म्हणजे कड आणि गाभा दोन्ही दिसतात. लहान तुकडा हातात धरवत नाही, तो बेकेलाइटमध्ये बसवतात. त्याला दीडशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. नुकतेच पाणी दिलेले, ताव न उतरवलेले पाते असेल तर थंड जमणारे रेझिन बरे.

नंतर घासणे. 180, 240, 320, 400, 600 असे पॉलिश पेपर क्रमाने, पाण्याखाली. प्रत्येक पेपरला तुकडा काटकोनात फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पुरते गेल्यावरच पुढे जायचे. मध्ये तुकडा आणि हात दोन्ही धुवावेत. जाड पेपरचा एक कण मखमलीवर गेला की तासाभराची मेहनत वाया. शेवटी मखमलीवर ॲल्युमिना किंवा हिऱ्याची पेस्ट लावून आरशासारखी चकाकी आणतात.

या आरशात दाणा दिसत नाही! त्यासाठी 98 भाग अल्कोहोलमध्ये 2 भाग नायट्रिक ॲसिड, काही सेकंदच. ॲसिड अल्कोहोलमध्ये थेंबथेंब घालावे, चष्मा लावावा, खिडकी उघडी ठेवावी. तेज मिश्रण बाटलीत बंद करून ठेवणे जिवावर बेतेल. चकाकी मंदावली की पाण्याने, मग अल्कोहोलने धुऊन गरम हवेने सुकवावे.

आता दिसते काय? नीट पाणी घेतलेल्या पोलादात बारीक सुया दिसतात, त्यांना मार्टेन्साइट म्हणतात. सुया जाड असतील तर भट्टीत माल जास्त तापला असे समजावे. दाण्याच्या मापात आकडा जितका मोठा, तितका दाणा बारीक. 5 ते 8 ही बारीक दाण्याची पट्टी. अशा कडक मालात जुन्या दाण्यांच्या सीमा नायट्रिकने नीट उमटत नाहीत, तिथे पिक्रिक ॲसिडचे द्रावण लागते. ते काम प्रयोगशाळेवरच सोपवावे. कडेला पांढरा पट्टा दिसला, तर भट्टीत कार्बन जळाला. तिथली धार मऊ पडते.

कमानपट्टीचे पोलाद साधारण 830 ते 860 अंशांना तापवून तेलात विझवतात. आपल्याकडे ते डोळ्यांनी, रंग पाहून होते, आणि ढगाळ दिवशी व भर उन्हात तोच रंग वेगळा दिसतो. उस्तादाच्या नजरेलाही इथे चकवा बसतो.

ओतकामाच्या कारखान्यांमुळे कोल्हापूर-बेळगावकडे धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. पाठवताना फुटलेल्या पात्याबरोबर त्याच घाण्यातले एक चांगले पातेही द्यावे, आणि चिठ्ठीवर पोलाद कुठले, विझवले कशात, ताव किती उतरवला हे लिहून द्यावे.