रणगाडा विकून बालवाडी

गल्लीतल्या मुलांच्या बालवाडीला जागा मागायला गेलं, की "आधी सभामंडप होऊ दे, वहिनी!" हे ठरलेलं उत्तर. तेव्हा मला इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराजवळचं विला चेल्ला आठवतं.

१९४५ मध्ये महायुद्ध संपलं. पळालेल्या जर्मनांचा रणगाडा, ट्रक, घोडे विकून गावाकडे पैसा आला. पुरुष म्हणाले, नाट्यगृह बांधू. बायका म्हणाल्या, छोट्यांची शाळा! अन् बायकांचंच चाललं, बरं का. पडक्या घरांच्या विटा, नदीतली वाळू आणून आईबापांनी रात्री, रविवारी राबून शाळा उभारली. ऐकून लॉरिस मालागुझ्झी हा तरुण शिक्षक सायकलवरून बघायला आला, तो त्या कामाचाच झाला. पुढे रेज्जोच्या बालशाळा जगभर नावाजल्या.

आमचा अर्ज सोमवारी पुन्हा देतेय. या खेपेला एकटी नाही, गल्लीतल्या बावीसजणी सोबत आहेत.