ट्रक आणि रोबो यांच्या मधे

भाच्याने खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मामा, ओरिजनल हाय काय बघ की." उचगावात जुलैचा पाऊस लागला की घरात बसून करण्याजोगं असंच काहीतरी लागतं. खोक्यात ऑप्टिमस प्राइम होता, लाल-निळा ट्रक, जो उलगडला की रोबो होतो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवलेला, 'मास्टरपीस' म्हणून.

माझी उमर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत डाय, म्हणजे साचे, बसवण्यात गेली. त्यामुळे खेळणं हातात आलं की त्याच्या तोंडाकडे नंतर बघतो, आधी पार्टिंग लाईन शोधतो. साच्याची दोन अर्धी जिथे मिळतात तिथे मालावर एक बारीक रेघ उठते. ती नखाला लागत नसेल तर डाय नीट बसलेली. लागत असेल, वर फ्लॅशची, म्हणजे फटीतून बाहेर आलेल्या मालाची, पापडी असेल, तर डाय घासलेली किंवा घाईत बसवलेली.

वस्तूचं मूळ थोडक्यात. जपानच्या ताकारा कंपनीने 1980 मध्ये 'डायाक्लोन' नावाची खेळणी काढली. त्यांतल्या काही गाड्यांचे पुढे रोबो होऊ लागले. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ती घेऊन 1984 मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' नावाने बाजारात आणली. जपानातला 'कॉन्वॉय' तिकडे ऑप्टिमस प्राइम झाला. 2003 पासून ताकाराने मोठ्यांसाठी, संग्राहकांसाठी 'मास्टरपीस' मालिका सुरू केली. भाच्याने मागवला होता तो त्यातला 2011 चा एमपी-10. उंची साधारण 25 सेंटिमीटर, सोबत ट्रेलर, छातीच्या काचा उघडल्या की आत 'मॅट्रिक्स' नावाचा तुकडा.

तपासायला ट्रकपासून सुरुवात करावी. रोबोमध्ये सांधे मोकळे असतात, थोडी चूक खपून जाते. ट्रकमध्ये सगळे तुकडे एकमेकांत अडकून बंद होतात, म्हणून प्रत्येक सांध्याची चूक तिथे बेरजेला येते. ट्रक काचेवर ठेवला आणि बोटाने दाबला. एक मागचं चाक हवेत. मग ट्यूबलाइटसमोर धरला. केबिनच्या मधल्या शिवणीतून उजेड दिसत होता, वर बारीक आणि खाली रुंद. फट सरळ असती तर डिझाइनच तसं म्हणून सोडून दिलं असतं. पण पाचरीसारखी फट म्हणजे एखादा बिजागर कललाय.

आता रूपांतर. नवखा माणूस इथेच वस्तू मोडतो, कारण त्याला रोबो बघायची घाई असते. खरी परीक्षा मधल्या अवस्थेत आहे, ट्रक संपलाय आणि रोबो अजून झाला नाही तेव्हा. तिथे एका तुकड्याला दुसऱ्याच्या अंगाला न घासता पुढे सरकायचं असतं. वाट किती मोकळी ठेवलीय यावरून डिझायनर कळतो. पुस्तिकेतल्या चित्रांच्या क्रमाने जायचं, एका वेळी एकच सांधा फिरवायचा, आणि अडलं की जोर करायचा नाही. अडण्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच, आधीची पायरी पुरती झालेली नाही. जोर केला तर रंगीत प्लॅस्टिकवर पांढरा चट्टा उठतो. तो चट्टा म्हणजे आत सुरू झालेला तडा आहे, पुसून जात नाही.

सांधे दोन जातींचे. खांदा, मांडी, जिथे वजन पडतं तिथे बहुधा रॅचेट असतं, दातेरी चाक आणि त्यात बसणारी जीभ, कट्-कट् वाजणारी. दाते 24 असले तर एका कट्ला 15 अंश. दाते कमी केले तर पकड घट्ट होते, पण हात हव्या त्या ठिकाणी थांबत नाही. दुसरी जात घर्षणाची, पिन आणि भोक जरा जास्तच घट्ट बसवलेले. एबीएस हे खेळण्यांचं नेहमीचं प्लॅस्टिक. एबीएसवर एबीएस फिरवलं तर ते करकरतं आणि झिजतं, म्हणून चांगले कारखाने एक भाग एबीएसचा आणि दुसरा अ‍ॅसिटाल या दुसऱ्या प्लॅस्टिकचा करतात. आपल्याकडे वर्कशॉपात अ‍ॅसिटालला सर्रास डेल्रिन म्हणतात. डेल्रिन गुळगुळीत असतं आणि रंग धरत नाही, म्हणून त्याचे तुकडे शेजारच्या रंगवलेल्या भागापेक्षा किंचित वेगळे दिसतात. पुष्कळजण ही खोट समजतात. मला तो तुकडा दिसला की उलट बरं वाटतं.

यातली मेख श्रिंकेजमध्ये आहे. थंड होताना एबीएस साधारण अर्धा टक्का आकसतं, डेल्रिन दोन टक्क्यांच्या आसपास. 10 मिलिमीटरची पिन एकाच साच्यात काढली तर एबीएसची 9.95 येईल आणि डेल्रिनची 9.8. सांध्यात हा फरक म्हणजे घट्ट आणि ढिला यांच्यातलं अंतर. साचा कापतानाच माल कुठला ओतणार हे ठरलेलं असावं लागतं. नक्कल करणारा आकार हुबेहूब उचलतो, पण माल स्वस्तातला ओततो आणि तिथे फसतो.

भाच्याच्या रोबोचा उजवा हात वर केला. तो दमल्यासारखा हळूहळू खाली आला. मग मी फूटपट्टी आणली. डोक्याच्या टोकापर्यंत 31 सेंटिमीटर भरला! 25 च्या जागी 31, म्हणजे जवळजवळ सव्वापट. याच मॉडेलच्या फुगवलेल्या बेकायदा नकला बाजारात आहेत, त्यांतली ही एक.

फुगवण्यात काय बिघडतं ते पाहा. लांबी, रुंदी, उंची सगळंच सव्वापट झालं की वजन 1.95 पट होतं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. हातही सव्वापट लांब, म्हणून खांद्यावरचा पीळ 2.4 पटीवर जातो. पिनेची पकड मात्र पृष्ठभाग आणि त्रिज्या यांच्या हिशेबाने वाढते, तीही 1.95 पटच. भार पुढे गेला, पकड मागे राहिली. दिवाणखान्यात मोठा रोबो रुबाबदार दिसतो खरा, पण मूळ खांदा ज्या हातासाठी आखला होता तो हात हा नव्हे.

नक्कल ओळखायला फूटपट्टीच लागते असं नाही. अस्सल मालावर तळव्याला किंवा पाठीला कंपनीचं नाव साच्यातूनच उठवलेलं असतं. नकलेत ती जागा बहुधा कोरी किंवा खरवडलेली. अस्सल खोक्यावर वय 15 वर्षांच्या पुढे असं छापलेलं असतं. स्वस्तात मिळाला हीसुद्धा खूणच. परदेशी खेळण्यांवरची जकात 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 मध्ये 70 झाली. ती भरून आलेला माल अर्ध्या किमतीत कसा मिळेल?

भाचा हिरमुसला. परत करायची मुदतही गेली होती. म्हटलं, मग दुरुस्त करू.

खांद्याचा स्क्रू काढला. त्यासाठी पेचकस नेमक्या मापाचा हवा, नाहीतर स्क्रूचं डोकं जातं. पिन बाहेर काढून स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि तिच्यावर बहिणीच्या बिनरंगी नेलपॉलिशचा एक पातळ हात दिला. रात्रभर वाळू दिलं. ओली असताना जोडली तर सांधा कायमचा चिकटतो. पेट्रोल, थिनर, गंज सोडवायचा फवारा यांतलं काही एबीएसला लावू नये, तडे जातात. सांधा फारच घट्ट असेल तर सिलिकॉन तेलाचा थेंब पुरे.

ठेवण्याचंही बघावं लागतं. आमच्याकडे आंबोलीकडून येणारा पाऊस भिंतींनाही बुरशी आणतो, म्हणून कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. खिडकीचं ऊन लागलं की पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं. रबरी टायर प्लॅस्टिकला टेकून वर्षानुवर्षं राहिले तर त्यांतलं तेल उतरून प्लॅस्टिकवर डाग पडतो, म्हणून मधे बटरपेपर. आणि रोबो ताणलेल्या पवित्र्यात महिनोन्‌महिने उभा करू नये.

सकाळी पिन बसवली. पहिल्यांदा जरा जड गेली, मग नीट फिरली. हात खांद्याच्या रेषेत धरला आणि चहा प्यायला गेलो. आलो तेव्हा हात तिथेच होता. त्यात बंदूक दिली. तासाभराने टोक दोनेक बोटं खाली आलं होतं. भाचा म्हणाला, "हात खाली सोडूनच उभा करूया की."