कुलूपबंद घरातली वस्ती

पुण्याजवळच्या लवासा या नियोजित शहरात दासवे गावाच्या बाजूला रंगीत इमारतींच्या रांगा आहेत आणि त्यातली कित्येक घरं बंद. २०१८ साली हा प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, बरंच बांधकाम अर्धवट राहिलं. अशा बंद घरातल्या नळात पाणी साचून राहतं, त्यातलं क्लोरीन उडून जातं आणि पाइपच्या आतल्या अंगाला बुळबुळीत थर धरतो. हीच बायोफिल्म.

पाण्यात एकटा पोहणारा जीवाणू भिंतीला टेकतो तेव्हा त्याची पकड सैल असते, तो सहज सुटूही शकतो. टिकलाच, तर चिकट स्राव सोडू लागतो. या चिकट्यात शर्करेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि फुटलेल्या पेशींचा डीएनएही असतो. गर्दी वाढली की जीवाणूंनी सोडलेली रसायनं साचतात, त्यावरून त्यांना संख्येचा अंदाज येतो आणि सगळे मिळून वागणं बदलतात. तळाशी प्राणवायू कमी, म्हणून तिथले जीवाणू जवळजवळ निपचित पडून असतात. वाढणाऱ्या पेशींवर घाला घालणारी प्रतिजैविकं त्यांच्यापुढे थिटी पडतात. क्लोरीन तर वरच्या चिकट्याशीच झटापट करून संपतं. दातांवरचं किटणही बायोफिल्मच, आणि त्यातल्या जिवांना व्हिनेगर नीट मारत नाही, हे सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लेवेनहुकने सतराव्या शतकातच पाहिलं होतं.

लवासा वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी आहे. तिथून मोसे नदीचं पाणी खडकवासल्यात आणि पुढे पुण्यात येतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काहींच्या शौचाच्या नमुन्यात हा आजार उद्भवायला कारण ठरू शकणारा कॅम्पिलोबॅक्टर जीवाणू सापडला. त्या साथीचं खापर बायोफिल्मवर फोडणं चूक ठरेल. पण हवेतला प्राणवायू न सोसणारा हा नाजूक जीवाणू दुसऱ्यांच्या बायोफिल्ममध्ये आसरा घेतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणून पेलाभर पाण्याच्या तपासणीवर विसंबणं मला अपुरं वाटतं. जलवाहिनीतले बहुतेक जीवाणू पाण्यात तरंगत नसतात, भिंतीला धरून असतात, आणि थराचा तुकडा सुटला की त्याच्यासोबत नळात येतात.

बंद घर उघडाल तेव्हा नुसती ब्लिचिंग पावडर टाकून भागत नाही. टाकी रिकामी करा, ब्रशने घासा, मग क्लोरीन घाला. सगळे नळ बराच वेळ वाहू द्या. गिझर आणि शॉवर विसरू नका. कोमट, साचलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारा लेजिओनेला जीवाणू फोफावतो आणि शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे थेट फुप्फुसात जातो.